पखवाजाच्या मिक्सिंगसाठी मॉनिटर स्पीकर : बंद पेटीचे घ्यावेत की पोर्टचे?

नमस्कार. आमच्या भजनी मंडळाच्या ध्वनिमुद्रणाचे मिक्सिंग मी घरीच करतो आणि त्यासाठी स्टुडिओ मॉनिटरची पहिली जोडी घ्यायची आहे. आजवर हेडफोन आणि घरातली म्युझिक सिस्टीम यांवर निभावले. परंतु पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या अंगाचा घुमारा घरी बेताचा वाटतो आणि तेच मुद्रण गाडीत लावले की तो बुवांच्या आवाजावर चढून बसतो.

खोली १० बाय १० फुटांची आहे. अशा चौरस खोलीत लांबी आणि रुंदी दोन्हींमुळे ५६ हर्ट्झच्या आसपास एकच अनुनाद दुहेरी उठतो, हे मी अनुभवले आहे: मध्यावर बसलो की खालचा सूर नाहीसा होतो आणि भिंतीला पाठ टेकली की तोच अंगावर येतो. त्यामुळे जवळून ऐकायचे निअरफील्ड आणि अॅम्प्लिफायर आतच असलेले अॅक्टिव्ह मॉनिटर घ्यायचे, एवढे नक्की आहे.

अडले आहे ते स्पीकरच्या पेटीपाशी. पोर्ट म्हणजे पेटीला ठेवलेले नळीसारखे भोक; त्यातली हवा स्वतः कंप पावते, म्हणून लहान पेटीतूनही खालचे सूर मिळतात. मात्र पोर्टच्या सुराखाली आवाज दर सप्तकाला सुमारे २४ डेसिबलने ढासळतो आणि थाप थांबल्यावरही तिचे शेपूट थोडे रेंगाळते. बंद पेटीत हा उतार १२ डेसिबलच असतो. १९७८ साली आलेला यामाहाचा एनएस-१० बंद पेटीचा होता, त्याला खर्ज फारसा नव्हता, तरीही मिक्सिंग करणाऱ्यांनी त्यावर वर्षानुवर्षे विश्वास ठेवला. माझ्या मते पखवाजाला थाप कुठे संपते हे कळणे अधिक मोलाचे आहे, पण खर्जच ऐकू आला नाही तर तो आवरणार कसा?

सध्या मनात यामाहाचाच पाच इंची एचएस५ हा पोर्टचा मॉनिटर आहे. त्याची ५४ हर्ट्झची खालची मर्यादा दहा डेसिबल घसरणीवर दिलेली आहे आणि पोर्ट मागे आहे, तर माझे टेबल भिंतीपासून जेमतेम वीतभर पुढे सरकते. मागच्या रूम कंट्रोल बटणाने ५०० हर्ट्झखालचा भाग दोन किंवा चार डेसिबल कमी केल्यास एवढ्या अंतरावर काम भागेल का? की आठ इंची घेऊन आधी कोपऱ्यांत खालचे सूर शोषून घेणारे रॉकवूलचे जाड बेस ट्रॅप उभे करावेत? चौरस खोलीत तालवाद्यांचे मिक्सिंग केलेल्यांनी कृपया स्वतःची मांडणी मापांसह सांगावी.