मदत हवी आहे: कॉलेजात धोक्याची सूचना सगळ्यांपर्यंत एकदम कशी पोचवता?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात शिकवते आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. वसतिगृहात १८० मुली आहेत, बाकीची पोरं एसटीनं नाहीतर दुचाकीवरून येणारी. धोक्याच्या सूचनेची व्यवस्था नव्यानं बसवायचं काम यंदा माझ्याकडे आलंय.

मागच्या पावसाळ्यात रात्री नऊच्या सुमारास जिन्याखालच्या मीटरपेटीत शॉर्टसर्किट झालं आणि धूर वर चढायला लागला. मी लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'सगळ्यांनी मागच्या जिन्यानं खाली या.' पण विजेबरोबर वायफायही गेलेलं. त्यात अभ्यासिकेत मोबाइल न्यायचा नाही हा नियम आमचाच, त्यामुळे तिथल्या मुलींना काही पत्ताच नाही. शेवटी मेसच्या मावशी परात आणि झारा घेऊन बडवत मजल्यामजल्यावर फिरल्या, तेव्हा इमारत रिकामी झाली. कुणाला इजा झाली नाही. पण खाली मोजल्यावर दोघी कमी भरल्या. रजेची वही आत टेबलावर राहिलेली. त्या दोघी गावी गेल्यात हे कळेपर्यंतची पंधरा मिनिटं आजही आठवली की माझे हातपाय गार पडतात.

आता भोंगा बसवायचा हे ठरलंय, वीज गेली तरी बॅटरीवर चालणारा. पण दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही. तिच्यासाठी खोलीत लुकलुकणारा दिवा लावायचा विचार आहे. असा दिवा कुणी वसतिगृहात बसवलाय का? तो भोंग्यालाच जोडता येतो का?

इंटरनेटशिवाय जातो म्हणून एसएमएसचीही चौकशी केली. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमांप्रमाणे संस्थेचं नाव, हेडर (म्हणजे मेसेज कुणाकडून आला हे दाखवणारं छोटं नाव) आणि मजकुराचा साचा आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदणी व्यवस्थेत, नोंदवावा लागतो. ऐन वेळी सुचेल ते लिहून सगळ्यांना पाठवता येत नाही. म्हणजे आग, पूर, गॅसगळती, सुट्टी असे साचे आधीच करून ठेवायला हवेत. तुम्ही ते कसे लिहिले? जागा आणि वेळ भरायला रिकामी जागा ठेवली, की प्रत्येक इमारतीसाठी वेगळा साचा केला?

पुराचं दुखणं आणखी वेगळं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ चा पूर तर सगळ्यांनीच पाहिलाय. पण मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की गगनबावड्याकडच्या मुली अडकतात, मग शहरात पातळी काही का असेना. सुट्टीचा निर्णय दुपारी झाला तर सकाळच्या एसटीनं आलेल्या पोरींनी काय करायचं? गावाप्रमाणे वेगळी सूचना कुणी पाठवतं का?

सगळ्यात अडलंय ते अधिकारापाशी. आमच्याकडे सूचना पाठवायला प्राचार्यांची परवानगी लागते. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये १६ एप्रिल २००७ ला पहिला गोळीबार सकाळी सव्वासातच्या सुमारास झाला, विद्यार्थ्यांना पहिली ईमेल ९ वाजून २६ मिनिटांनी गेली, आणि थोड्याच वेळात दुसऱ्या इमारतीत पुन्हा गोळीबार झाला. त्या दिवशी ३२ जण मारले गेले. हे वाचल्यापासून मला वाटतं, रात्रपाळीच्या वॉचमनमामांनाही भोंगा वाजवायची पूर्ण मुभा हवी, आधी कुणाला फोन न लावता. काही सहकारी म्हणतात, उगाच घबराट होईल, कुणी खोडसाळपणा करेल. त्यांची भीती खोटी नाही. पण खोटा भोंगा वाजला तर मुली दहा मिनिटं पावसात उभ्या राहतील, एवढंच.

तुमच्याकडे हा अधिकार कुणाला दिलाय? लेखी दिलाय का? तसा आदेश असेल तर त्याचा मजकूर इथं टाकाल का? समितीपुढे ठेवायला मला तोच सगळ्यात उपयोगी पडेल.