विषय: मागच्या अंगणातला ॲश पाडायचाय, सल्ला हवा

मंडळी, नमस्कार.
टोरोंटोत, स्कारबरोला आमच्या मागच्या अंगणात ॲशचं मोठं झाड आहे. दर वर्षी गणपतीचं मखर त्याच्याच सावलीत रंगतं. दोन वर्षांपासून शेंडा वाळतोय, यंदा तर सुतारपक्ष्यांनी सालीचे ढलपे उडवलेत. परवा एक जण दारावर आला. म्हणे रोख द्या, शनिवारी पाडून देतो, परमिटची भानगड नको. काय करावं? कडुनिंबाचं इंजेक्शन देऊन वाचेल का?
– स्कारबरोची वहिनी

वहिनी,
त्या रोखवाल्याला आधी वाटेला लावा. टोरोंटोत जमिनीपासून १.४ मीटरवर खोडाचा व्यास ३० सेंमी किंवा जास्त भरला, तर स्वतःच्या अंगणातलं झाडही परमिटशिवाय पाडता येत नाही. म्हणजे घेर साधारण ९४ सेंमी. मेलेल्या किंवा मरणपंथाला लागलेल्या झाडाला सूट आहे, पण ते मेलंय हे आपण ठरवायचं नाही, महापालिकेनं. फोटो, आर्बोरिस्टचा (झाडांच्या तज्ज्ञाचा) अहवाल पाठवा आणि उत्तर येईस्तोवर करवत लावू देऊ नका.

सालीवर इंग्रजी डीसारखी, तीन-चार मिलिमीटरची भोकं आहेत का बघा. असतील तर तो ॲश पोखरणारा पाचूसारखा हिरवा भुंगेरा, एमराल्ड ॲश बोरर. मूळचा आशियातला, इकडे २००२ साली डेट्रॉइट-विंडसरला सापडला. अळ्या सालीखाली नागमोडी पोखरत जातात, झाडाचं अन्नपाणी तुटतं. इंजेक्शन खरंच निंबोळीच्या अर्काचं असतं, साधारण दोन वर्षांनी परत द्यावं लागतं. पण औषध वर चढवायला झाडात जीव हवा. तुमचा शेंडाच वाळलाय, आता पैसे घालू नका.

आणि थांबूही नका. मी 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत दोन हिवाळे काढले. मेलेल्या ॲशचं लाकूड खारी बिस्किटासारखं तुटतं. दोरावर चढणारा माणूस खोडावर दोन थापा मारून म्हणाला, मी नाही चढत. शेवटी क्रेन आणावी लागली. खर्च विचारू नका, बायको अजून विचारते.
– एटोबिकोचा नाना

नाना,
मोजलं. शिवणाची दीडशे सेंमीची टेप चार बोटं अपुरी पडली! डीची भोकं आठ मोजली, पुढे धीर झाला नाही. नवीन भानगड अशी, की खोडानं कुंपणाची तारच गिळलीय. अर्धं झाड शेजाऱ्याकडे.
– वहिनी

मग ते दोघांचं. खोड हद्दीवर असलं की ऑन्टॅरियोच्या फॉरेस्ट्री ॲक्टप्रमाणे मालकी सामाईक, शेजाऱ्याच्या संमतीशिवाय हात लावणं गुन्हा. लेखी घ्या. कंत्राटदाराकडे विम्याचा कागद आणि डब्ल्यूएसआयबीचं (कामगारांच्या अपघात-विम्याच्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र मागा. तारेचं आधीच सांगा, त्यांच्या करवतीची पाती जातात. ओंडके कुणाच्या कॉटेजवर जळणाला देऊ नका, भुंगेरा असाच गावोगाव फिरला. बुंधा दळून काढणार असाल तर आधी ऑन्टॅरियो वन कॉलला कळवा, गॅसच्या नि विजेच्या लाइनी फुकट आखून देतात.
– नाना

दळायची वेळच आली नाही. शेजारचे इटालियन आजोबा सही देतायत, अर्धा खर्चही. अट एकच: दोन फुटांचा बुंधा ठेवायचा. त्यांना टोमॅटोची कुंडी ठेवायला हवाय.
– वहिनी