वायर फॉक्स टेरियरला उन्हाळ्यात मशीन मारायची का? शनिवारची अपॉइंटमेंट आहे, लवकर सांगा

मुलुंडची_केतकी
नमस्कार मंडळी. आमची चकली, वायर फॉक्स टेरियर, वय ३. सप्टेंबरमध्ये आमच्याकडे आली, आधीचे मालक परदेशी गेले म्हणून. तिचा आमच्या घरातला हा पहिला उन्हाळा. एप्रिल कसाबसा काढला पण मे मध्ये बघवत नाही हो, दुपारभर बाथरूमच्या दाराशी लादीवर चारी पाय पसरून पडलेली असते आणि जीभ बाहेर. पाठीवरचे केस २ इंच तरी झालेत, एकदम राठ, काथ्यासारखे, आणि खाली बोटं घातली की मऊ कापसासारखी लव लागते, ती कायम दमट. पट्ट्याखाली वास पण यायला लागलाय.

सासूबाई रोज म्हणतात अगं ती बिचारी लोकर घालून बसलीय, भादरून टाक सगळं. ग्रूमरला फोन केला तर तो म्हणाला घेऊन या मॅडम, समर कट, झिरो मशीन, अर्ध्या तासात मोकळी. शनिवारची वेळ घेतलीय. पण आधीच्या मालकीणबाई जाताना म्हणाल्या होत्या की हिला मशीन लावू नका, हिचे केस उपटायचे असतात. उपटायचे?? मला कल्पनेनेच कसंतरी होतं. कोणाकडे असे राठ केसांचे कुत्रे आहेत का, तुम्ही उन्हाळ्यात काय करता?

गिरगावकर_काका
केतकीताई, आधी शनिवारची अपॉइंटमेंट कॅन्सल करा, मग पुढचं वाचा.

मालकीणबाईंनी बरोबर सांगितलंय. या जातीला दोन थर असतात, वर राठ केस आणि आत लव म्हणजे अंडरकोट. कोल्ह्याच्या बिळात, काट्याकुट्यात घुसायला पैदास केलेला कुत्रा, वरचा थर म्हणजे त्याचं चिलखत. हा राठ केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो, मग मरतो आणि त्याचं मूळ सैल होतं. सैल झालेला केस दोन बोटांत धरून ओढला की अलगद येतो आणि त्या जागी नवा राठ केस उगवतो. याला हँड स्ट्रिपिंग म्हणतात. पिकलेला केस काढताना दुखत नाही, दुखतं ते न पिकलेला ओढला किंवा एकदम चिमूटभर धरला तर. तुमच्या चकलीचे २ इंच झालेत म्हणजे पाठीचे तरी पिकलेत बहुतेक, आज रात्री ४-५ केस ओढून बघा, तिला कळणार पण नाही.

मशीनने काय होतं, तर मेलेला केस मधून कापला जातो आणि बूड आतच राहतं. हा केस टोकाला जाड आणि गडद असतो, बुडाकडे बारीक आणि फिकट. म्हणजे टोक गेलं आणि उरलं ते मऊ फिकट बूड. वर लव तशीच, उलट तिलाच मोकळं रान. आमच्या पहिल्या टेरियरला मी असंच समर कट करून आणलं होतं, मे मध्येच, माझाच निर्णय. दोन दिवस घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं. जुलैत त्याच्या अंगावर मेंढीसारखी लोकर आली, काळा रंग राखाडी पडला, आणि पावसात भिजला की तासन्‌तास वाळायचा नाही. राठ केसावरून पाणी निथळून जातं, लोकर ते पिऊन बसते. ऑगस्टमध्ये कमरेवर लाल चट्टा, खाजवून खाजवून रक्त काढलंन त्याने. महिनाभर औषधं. कोट पुन्हा राठ व्हायला पुढे वर्षाच्या वर लागलं, दर वेळी थोडं थोडं उपटून. आजही वाईट वाटतं मला, त्याचा काही दोष नव्हता.

दुसरं म्हणजे हिचं बरंचसं अंग पांढरं आणि खाली गुलाबी कातडी. झिरो मशीन मारली की ती उन्हात भाजते.

ठाण्याचा_बंड्या
काका मस्त लिहिलंत. माझ्याकडे राठ केसांचा जॅक रसेल आहे, मी त्याचे घरीच काढतो, घाम आला की बोटातून केस सटकतो म्हणून कॅरमची पावडर लावतो हाताला, ग्रिप छान येते, केतकीताई ट्राय करा.

बोरिवली_पश्चिम_फास्ट
बंड्या, कॅरमची पावडर कृपया आजच बंद कर. ती बऱ्याचदा बोरिक पावडर असते आणि कुत्रा नंतर अंग चाटतो, सगळं पोटात जातं. त्याऐवजी साधा खडू बोटांवर घास, किंवा त्याहून सोपं, बँकेतले कॅशियर नोटा मोजायला बोटात रबरी टोपी घालतात ना, ती कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. अंगठ्यात एक, तर्जनीत एक. मी गेली कित्येक वर्षं त्याच्यावरच काम करतेय.

केतकी, कसं करायचं ते माझ्या पद्धतीने सांगते. आंघोळ आधी घालू नकोस, धुतलेला केस मऊ आणि निसरडा होतो, पकडीत येत नाही. आधी बारीक दातांचा स्टीलचा कंगवा पूर्ण अंगातून फिरव, अगदी मुळापासून, नुसतं वरवर नाही, ती दमट लव त्यानेच निघते आणि तुझा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. गरम होतं ते त्या मेलेल्या लवेने, ती गच्च बसलेली असते म्हणून कातडीपर्यंत हवाच पोचत नाही. मग एका हाताने कातडी हलकी ताणून धरायची आणि दुसऱ्या हाताने ४-५ केस, जास्त नाही, केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने ओढायचे. मनगट न वळवता. उलट्या दिशेने कधीच नाही. पाठीपासून सुरुवात कर, तिथे सगळ्यात कमी कळतं. गळा, पोट, जांघा आणि शेपटीची खालची बाजू इथे उपटायचं नाही, तिथली कातडी नाजूक, तिथे बोथट टोकाची कात्री किंवा मशीन चालते. पोट आणि जांघ तर या दिवसात बारीक करच, ती लादीवर पोट टेकून पडते ना, गारवा तिथूनच मिळतो तिला.

एका बैठकीत १५-२० मिनिटं बास. ती उठून जायला लागली की संपलं. एकदम अख्खा कोट काढू नकोस, कारण पूर्ण काढला तर नवा यायला ८-१० आठवडे जातात आणि आपल्याकडे पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतोच, ऐन पावसात उघडी पडेल. दर रविवारी थोडं थोडं काढलं की कायम तीन वयाचे केस अंगावर राहतात, जुने निघतात, मधले झाकतात, नवे येत असतात. दाढी आणि पायाचे केस ठेव, फक्त विंचरून विरळ कर, आणि पाणी प्यायली की दाढी पुसायची सवय लाव, दमट हवेत ओल्या दाढीला फार वास मारतो.

परळ_नाका
एक वेगळी बाजू मांडतो, राग मानू नका कोणी. आमची स्कॉटी १३ वर्षांची आहे, नसबंदी झालेली, नसबंदीनंतर तिचा कोट असाही लोकरीसारखा झाला, केस सैल होऊन निघतच नाही. सांधे दुखतात, टेबलावर १० मिनिटं उभी राहू शकत नाही. तिला आम्ही मशीनच लावतो, पण झिरो नाही, अर्धा-पाऊण इंच ठेवून, आणि आधी लव विंचरून काढून. डॉक्टरांनाही विचारलं. तिला कुठे शोमध्ये जायचंय. तेव्हा मशीन म्हणजे पाप असं कोणी समजू नये, म्हातारा कुत्रा असेल, कातडीचा आजार असेल तर त्याचा आराम आधी. चकली ३ वर्षांची आणि धडधाकट आहे, तिची गोष्ट निराळी, तिच्या बाबतीत काकांशी मी सहमत.

गिरगावकर_काका
परळकर, अगदी मान्य. माझा मुद्दा तरण्या कुत्र्याला फक्त उन्हाळा आला म्हणून भादरण्याबद्दल होता.

सकाळी_साडेपाच
सगळे केसांबद्दल बोलतायत पण मला धापांबद्दल बोलायचंय. मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते, मे मध्ये रोज अशा केसेस बघते.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार येतो तो पंजांच्या गाद्यांना. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो, जिभेवरचा ओलावा उडाला की गार वाटतं. आता मुंबईत पारा ३३-३४ च असतो, नागपूरसारखा ४५ नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण इथली हवाच इतकी ओली की जिभेवरचा ओलावा उडत नाही, कुत्रा धापा टाकत राहतो आणि त्या कष्टाने अजून तापतो. केस भादरून हे बदलत नाही. नुसत्या पंख्यानेही फार होत नाही, आपल्याला पंखा लागतो कारण आपला घाम वाळतो. म्हणून तिचं पोट आणि पंजे साध्या पाण्याने ओले करा आणि मग पंख्याखाली बसवा. पाठ भिजवत बसू नका, लव ओली राहिली की पुन्हा कातडीचं दुखणं. रात्री पट्टा काढून ठेवा, आणि तो वास जात नसेल, खाली लाल किंवा तेलकट दिसत असेल तर बुरशी असू शकते, तेव्हा घरगुती उपाय नको, डॉक्टरना दाखवा.

फिरायला सकाळी ७ च्या आत, नाहीतर रात्री. रस्त्यावर हाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर तिच्या पंजांनाही बसणारच. आणि हिरड्या गडद लाल, लाळ घट्ट, चालताना झोकांड्या, उलटी, असं काही दिसलं तर थांबू नका. नळाचं पाणी अंगभर ओता, या वेळेला पाठ बीठ सगळं भिजवा, पंखा लावा, ओल्या टॉवेलात गुंडाळू नका, आत उष्णता कोंडते. आणि लगेच जवळच्या डॉक्टरकडे. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं पण मुलुंडहून दुपारच्या ट्रॅफिकमध्ये तिथवर नेण्यात वेळ घालवू नका, घराजवळ कोण उघडं असतं ते आजच विचारून ठेवा, नंबर फ्रिजवर लावा.

मुलुंडची_केतकी
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. अपॉइंटमेंट कॅन्सल केली. रबरी टोप्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळाल्या. काल रात्री फक्त कंगवा फिरवला तर एवढी लव निघाली की अजून एक चकली झाली असती. मग घाबरत घाबरत पाठीचे केस ओढले, काका खरंच, तिने मान पण वर केली नाही, अर्धवट झोपलीच. सासूबाई आधी लांब उभ्या राहून बघत होत्या, नंतर म्हणाल्या दे इकडे, तुला दिसत नाही नीट, आणि कंगवा घेऊन बसल्या. आता पाठीवर हात घातला की बोटं कातडीला लागतात, कोरडी आहे. पट्ट्याखाली थोडं लाल दिसलं, उद्या संध्याकाळी डॉक्टरकडे नेतेय.

निघालेले केस गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेत, समोरच्या झाडावर कावळ्याचं घरटं चालू आहे, तो सकाळपासून चोचीत भरभरून नेतोय.

बोरिवली_पश्चिम_फास्ट
केतकी फार छान वाटलं वाचून, सासूबाईंना माझा नमस्कार सांग. फक्त एक, तिला गोचिडीचं मानेवर टाकायचं औषध लावतेस का? लावत असशील तर ते केस कठड्यावरून आत्ताच उचल, ते औषध केसात उतरलेलं असतं आणि घरट्यातल्या पिल्लांना बाधू शकतं.

मुलुंडची_केतकी
अरे देवा, १० दिवसांपूर्वीच टाकलंय. उचलते लगेच.