चोरांचा सर्व्हर जप्त झाला. आता बाधितांचे नेट चालू ठेवावे की तोडावे?

फोंड्याचा दुरुस्तीवाला (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात मोरजीच्या एका गेस्ट हाऊसमधून एक राउटर माझ्या दुकानात दुरुस्तीला आला. बँकेचे पान उघडताना अडचण येते आणि पाहुण्यांच्या मोबाइलवर जुगाराच्या जाहिराती मध्येच उगवतात, अशी तक्रार होती. राउटर उलटा केला, तर तळाच्या चिठ्ठीवर कारखान्यातून आलेले ‘अ‍ॅडमिन’ हे नाव आणि ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड होता, आणि तो पहिल्याच फटक्यात चालला. डीएनएसच्या ज्या दोन रकान्यांत सेवा पुरवठादाराचे पत्ते आपोआप यायला हवेत, तिथे कोणी तरी भरलेले दोन परके आयपी पत्ते ठाण मांडून बसले होते. ते पुसले, फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतला मूळ प्रोग्राम, अद्ययावत केले, पासवर्ड बदलला. एकूण काम वीस मिनिटांचे.

ज्यांना हे नवे असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो, पण यंत्राला लागतो तो आकड्यांचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, आणि तो सांगण्याचे काम डीएनएस सर्व्हर करतो. अशा प्रकारचे मालवेअर, म्हणजे यंत्रात चोरून शिरणारा घातक प्रोग्राम, बाकी कशालाही फारसा धक्का न लावता पत्ता कोणाला विचारायचा एवढीच सेटिंग बदलते. कदंब बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत तोतया माणूस बसवण्यासारखाच हा प्रकार आहे. तो दहापैकी नऊ जणांना बरोबर बस सांगतो, म्हणून दहाव्याला संशय येत नाही.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले प्रकरण डीएनएस चेंजर या मालवेअरचे. एस्टोनियातील तार्तू शहरातून चालणाऱ्या रोव्ह डिजिटल या कंपनीच्या टोळीने २००७ पासून शंभरांहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांच्या सेटिंग बदलल्या आणि जाहिरातींवरच्या क्लिक आपल्याकडे वळवून किमान १ कोटी ४० लाख डॉलर कमावले, असा आरोप होता. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियात सहा जणांना अटक झाली आणि एफबीआयने न्यूयॉर्क व शिकागो येथील सर्व्हर ताब्यात घेतले. ते तसेच बंद केले असते, तर बाधित यंत्रांचे नेट त्याच क्षणी गेले असते. म्हणून न्यायालयाच्या आदेशाने इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम या संस्थेने त्याच पत्त्यांवर प्रामाणिक उत्तरे देणारे तात्पुरते सर्व्हर चालवले. ही मुदत आधी ८ मार्च २०१२ पर्यंत होती, ती पुढे ९ जुलैपर्यंत वाढवण्यात आली.

माझे मत असे, की ही मुदतवाढ म्हणजे लाड होते. आठ महिने मिळूनही शेवटच्या दिवशी जगात दोन लाखांहून अधिक बाधित पत्ते शिल्लक राहिले, आणि त्यांत भारताचा क्रमांक अमेरिका व इटलीच्या पाठोपाठ होता. तार तुटलेली दिसली की वीज खात्याचा लाईनमन आधी फ्यूज काढतो आणि मग घरमालकाला हाक मारतो. नेट गेल्याशिवाय माणूस दुरुस्तीवाल्याकडे येत नाही, हा माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे.

निवृत्त म्हापशेकर

दुरुस्तीवाल्यांचा अनुभव मान्य करूनही त्यांचा निष्कर्ष मला उलटा वाटतो. हे मालवेअर अँटिव्हायरसची आणि विंडोजची अद्ययावते रोखून धरत असे, ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही, आणि वादाचा सगळा भार तिच्यावरच आहे. तोतया सर्व्हरच्या जागी खरा सर्व्हर आल्यामुळे रोग्याला औषधाच्या दुकानापर्यंतची वाट पुन्हा मोकळी झाली. वाट मोकळी करून लगेच त्याचे पाय बांधायचे, याला उपचार म्हणता येणार नाही.

दुसरे असे, की सर्व्हर बंद होण्याची वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ९ जुलैच्या मध्यरात्रीनंतर एक मिनिटाची होती. म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेनऊ, नेमकी बँका आणि कार्यालये उघडण्याची वेळ. मी तेव्हा नोकरीत होतो. शाखेतला एखादा संगणक बाधित असता, तर ग्राहकांची रांग लागलेली असताना बिघाड कशात आहे हे शोधत बसावे लागले असते, आणि ते शोधण्याचे साधनही नेटच! आठ महिन्यांत ४० लाखांवरून दोन लाखांवर येणे ही मला तरी लहानसहान कामगिरी वाटत नाही.

फोंड्याचा दुरुस्तीवाला

म्हापशेकरबाब, अद्ययावतांचा मुद्दा बिनचूक आहे आणि तो मी आधीच लिहायला हवा होता. पण ही वजाबाकी करू नका. ४० लाख हा चार वर्षांत केव्हा ना केव्हा बाधित झालेल्या यंत्रांचा अंदाज आहे, तर दोन लाख हे शेवटी मोजलेले आयपी पत्ते आहेत. त्यांतल्या अनेक यंत्रांना तोवर भंगारवाल्याने मुक्ती दिली असणार, आणि एका पत्त्यामागे अख्खे कार्यालयही असू शकते. दोन वेगळ्या मापांनी मोजलेला माल आपण एकाच तराजूत घालतो आहोत. शिवाय एका सुरक्षा कंपनीने २०१२ च्या फेब्रुवारीत सांगितले होते, की अमेरिकेतील सर्वांत मोठ्या पाचशे कंपन्यांपैकी निम्म्यांत एक तरी बाधित यंत्र किंवा राउटर अजून आहे. ज्यांच्याकडे पगारी तंत्रज्ञ बसलेले होते, त्यांनीही तीन महिने हात हलवला नाही. नेट चालू होते म्हणूनच ना?

पणजीहून, एक वकील

आपण दोघेही ‘किती दिवस’ यावर भांडत आहात. मला त्याआधीचा प्रश्न पडतो. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने आदेश दिला आणि पणजीतल्या एखाद्या संगणकाच्या प्रत्येक प्रश्नाला आठ महिने कॅलिफोर्नियातील एका संस्थेचे सर्व्हर उत्तरे देत राहिले. उत्तरे खरी होती आणि हेतूही चांगला होता, पण त्या संगणकाच्या मालकाला याची गंधवार्ता नव्हती. प्रश्न विचारणाऱ्या यंत्रांचे आयपी पत्ते नोंदवून सेवा पुरवठादारांपर्यंत पोहोचवले गेले. त्यावाचून बाधितांना शोधणे अशक्य होते, हेही कबूल. तरी कोण कोणत्या घरातून विचारतो आहे, हे कळण्याचा अधिकार तिसऱ्याला मिळाला, तो आपल्या संमतीशिवाय.

कायद्याची बाजू त्या वेळी किती गुंतागुंतीची झाली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या टोळीकडील काही आयपी पत्त्यांची नोंदणी रोखून धरावी, असा आदेश नेदरलँड्सच्या पोलिसांनी युरोपातील पत्ते वाटणाऱ्या राइप या संस्थेला दिला. संस्थेने तो आधी पाळला, नंतर पोलिसांना असा अधिकार आहे का याची शंका आल्यावर नोंदी मोकळ्या केल्या आणि स्वतःच न्यायालयात गेली. सूत्रधार व्लादिमीर त्सास्त्सिन याला एस्टोनियातील पहिल्या न्यायालयाने २०१३ मध्ये निर्दोष सोडले होते. पुढे तो निकाल उलटला, त्याला अमेरिकेच्या हवाली करण्यात आले आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ७ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा झाली. चोर कोण हे ठरायला साडेचार वर्षे लागली, पण आपल्या नेटचे काय करायचे हे एका दिवसात ठरले. घाई समजते, पायंडा मात्र पडतो.

आणि तो पडलाच. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या न्याय विभागाने जाहीर केले, की न्यायालयाच्या परवानगीने शेकडो घरगुती व लहान कार्यालयांच्या राउटरमध्ये दुरून शिरून केव्ही नावाच्या जाळ्याचे (म्हणजे मालकांच्या नकळत एकाच टोळीच्या ताब्यात गेलेल्या यंत्रांच्या जाळ्याचे) मालवेअर काढून टाकले आहे. २०११ मध्ये सरकार खिडकीतला तोतया बदलत होते, आता ते घरात येऊन कपाट आवरते.

निवृत्त म्हापशेकर

वकीलबाई, त्या कारवाईचा एक तपशील आपल्या पावसाळ्याला फार लागू पडतो. राउटर पुन्हा बाधित होऊ नये म्हणून घातलेला अडसर राउटर बंद करून चालू केला की निघून जात असे. जून लागला की आपल्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते, हे मी गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. म्हणजे सरकारने दुरून केलेली दुरुस्ती इथे पहिल्या गडगडाटापर्यंतच टिकेल. मालकाला कळवणे आणि त्याच्याकडूनच काम करून घेणे याला पर्याय नाही, आणि कळवायला नेट चालू हवे. मी पुन्हा तिथेच येतो.

मोरजीतून

तो राउटर माझाच आहे, त्यामुळे गप्प बसणे बरे दिसणार नाही.

‘अ‍ॅडमिन’वरून हसणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की तो राउटर मी बसवलेला नाही. मागच्या पावसात वीज पडून आधीचा जळाला, तेव्हा नेटवाल्यांच्या माणसाने दुसरा आणून लावला आणि वायफायचा पासवर्ड तेवढा कागदावर लिहून दिला. राउटरच्या आत शिरण्यासाठी निराळा पासवर्ड असतो, हे मला सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही. एका फांदीवरून माकडाने उडी मारावी तसा तो माणूस पुढच्या घरी गेला.

डिसेंबरमध्ये कोणी न सांगता माझे नेट तोडले असते, तर चार खोल्यांचे आरक्षण, ऑनलाइन पैसे, पोलिसांकडे द्यायची परदेशी पाहुण्यांची माहिती, सगळे एका दुपारी अडकले असते. त्याची भरपाई कोणी दिली असती? म्हणून मी म्हापशेकरांच्या बाजूचा आहे. पण खरे तेही सांगतो. जाहिरातींची कुरकूर पाहुणे दोन महिने करत होते आणि मी ‘मोबाइल तुमचाच खराब असेल’ म्हणून सोडून देत होतो. राउटर फोंड्याला पाठवला तो बँकेचे पान उघडेना तेव्हा. दुकानदारांचे म्हणणे माझ्यापुरते तरी खोटे नाही.

वाळपईची शिक्षिका

मग मधला मार्ग का नको? नेट एकदम तोडू नये आणि अखंड चालूही ठेवू नये. तात्पुरत्या सर्व्हरने पहिल्या महिन्यात रोज दहा मिनिटे खरे उत्तर देऊ नये, दुसऱ्या महिन्यात अर्धा तास, आणि त्या वेळात ‘तुमच्या यंत्राची सेटिंग बदललेली आहे’ असे पान दाखवावे. गृहपाठ न करणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी शाळेतून काढत नाहीत, पण वर्षभर वहीही तपासायची नाही असेही करत नाहीत. सूचनेचे पान ही काही माझी कल्पना नव्हे. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी ब्रेडोलॅब हे जाळे ताब्यात घेतल्यावर बाधित संगणकांवर असाच इशारा दाखवला होता, आणि डीएनएस चेंजरच्या वेळी मे २०१२ पासून गूगलही शोधाच्या पानावर बाधितांना सावध करत होते.

निवृत्त म्हापशेकर

बाई, ती दहा मिनिटे कोणाची, हे कोण ठरवणार? नेमके त्याच वेळी कोणाला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा एखादा अहवाल हवा असेल. थोडे थोडे तोडणे हे तोडणेच आहे.

फोंड्याचा दुरुस्तीवाला

शिक्षिकाबाईंचा मार्ग मला २०१२ साठी पटतो, आजसाठी पटत नाही, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. तेव्हा बरीच संकेतस्थळे साध्या जोडणीने उघडत, त्यामुळे सर्व्हरने मध्ये दुसरे पान दाखवले तर ते सरळ दिसत असे. आज बहुतेक सगळे सुरक्षित जोडणीवर आहे. बँकेच्या नावाने दुसऱ्याच सर्व्हरने पान दिले, मग तो चोराचा असो वा पोलिसांचा, तर प्रमाणपत्र, म्हणजे हे संकेतस्थळ खरेच त्या बँकेचे असल्याचा पुरावा, जुळत नाही आणि ब्राउझर स्वतःच धोक्याचे पान पुढे आणतो. सरकारची सूचना वाचण्यासाठी लोकांना तो धोका डावलून पुढे जा असे सांगावे लागेल, म्हणजे चोरांना हवी तीच सवय आपण लावू.

आणि यातूनच मला मोरजीकरांना एक विचारायचे आहे. तुमच्या राउटरमधून बँकेचे पान भलतीकडे वळत असेल, तर ते धोक्याचे पान तुम्हाला दिसायला हवे होते. दिसले नाही का?

मोरजीतून

दिसत होते. त्रिकोणातले उद्गारचिन्ह. स्वागतकक्षातला मुलगा ‘प्रगत’ दाबून खालच्या बारीक अक्षरांवर क्लिक करत असे आणि पान उघडत असे. समोर पाहुणे बॅगा घेऊन उभे असायचे. तसे करायला त्याला मीच शिकवले होते. मागच्या महिन्यात बँकेने आपली बाजू अधिक कडक केली असावी, कारण ती बारीक अक्षरे दिसायचीच बंद झाली, आणि मी जी ‘अडचण’ म्हणून तुम्हाला कळवली ती हीच.

पणजीहून, एक वकील

म्हणजे अखेर तोडले ते बँकेच्या बंद दाराने, आणि तेही एवढ्या एकाच कामापुरते. बाकीचे नेट चालू राहिले. आपल्या सगळ्या वादात हा पर्याय कोणी मांडलाच नव्हता, याची मला थोडी लाज वाटते. संमतीचा माझा आक्षेपही इथे लागत नाही, कारण बँकेने स्वतःचेच दार बंद केले, माझ्या घरात ती शिरली नाही. मोरजीकर, बँकेच्या खात्याचा पासवर्ड बदललात का?

मोरजीतून

शाखेत जाऊन बदलला, आणि गेल्या दोन महिन्यांचे व्यवहार छापून घेतले. अजून तरी त्यांत काही वावगे सापडलेले नाही. राउटर न्यायला शनिवारी येतो. नवा पासवर्ड कृपया तळाच्या चिठ्ठीवर लिहू नका.

फोंड्याचा दुरुस्तीवाला

चिठ्ठी काढून टाकली आहे. वही घेऊन या.