काळी दाढी आणि निळसर साय: शेवाळ एकच आहे की दोन?

टेट्रावाली_ऐरोली
१२ एप्रिल, रात्री ११.२०

नमस्कार. इथे वाचतेय बरीच वर्षं, लिहायची वेळ आज आली.

माशांची टाकी दोन फूट बाय एक बाय सव्वा. माती-दगड वजा जाता पाणी ५५ लिटरच्या आसपास. लावून अकरा महिने झाले. झाडांत ड्रिफ्टवूडला (पाण्यातल्या लाकडाच्या ओंडक्याला) बांधलेले तीन अनुबियास, जावा फर्न, मागे व्हॅलिसनेरिया, पुढे क्रिप्ट. मासे १२ एम्बर टेट्रा, ६ कोरी, आणि मोजणं सोडून दिलेले चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या कोळंब्या. हँग-ऑन फिल्टर. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) दोन बाटल्यांच्या किटवर, एकीत लिंबूसत्त्व, दुसरीत खाण्याचा सोडा. लाइट टायमरवर, दुपारी ३ ते रात्री १०. पाणी नळाचं, अँटीक्लोरीन घालून दर रविवारी दोन बादल्या बदलते.

फेब्रुवारीपर्यंत पाहुण्यांना कौतुकाने दाखवावी अशी टाकी होती. मार्चपासून अनुबियासच्या पानांच्या कडांना काळे झुबके यायला लागले. न्हाव्याने कंगव्यातून झटकलेल्या केसांसारखे, अर्धा सेंटिमीटर लांब. फिल्टरचं पाणी जिथून पडतं तिथे तर अख्खी दाढी. बोटाने ओढलं तर पान फाटतं, झुबका जागचा हलत नाही.

दुसरी गोष्ट, पुढच्या काचेला मातीलगत निळसर हिरवी साय धरते. नळी लावली की अख्खा पदर निघून येतो, पण चार दिवसांत पुन्हा हजर. त्या दिवशी टाकीत हात घातला की हाताला डबक्याचा वास येतो, साबणानेही लवकर जात नाही.

स्टेशनजवळच्या एका दुकानात "शेवाळ खाणारा" म्हणून एक सोनेरी मासा दिला. तो शेवाळ सोडून कोरींच्या अंगाला चिकटतो. शेवाळ मारायची एक बाटलीही दिली होती, पण मागे बारीक अक्षरात श्रिंपबद्दल लिहिलेलं वाचलं आणि कपाटात ठेवून दिली.

हे एकच शेवाळ दोन रूपांत आहे की दोन वेगळी? आणि सात तासच लाइट असताना का?


कामोठे_प्लँटेड
१३ एप्रिल, सकाळी ८.०५

सकर मासा टाका एक. पंधरा दिवसांत काच चकाचक.


नौपाड्याचे_काका
१३ एप्रिल, सकाळी १०.४०

सकर टाकू नका. वीतभर होईपर्यंत तो काच चाटतो, पुढे तुमची झाडं उपटतो. तो फुटापेक्षा मोठा होतो आणि मग लोक रात्री गुपचूप तलावात नेऊन सोडतात. बाहेरचा मासा आपल्या तलावात सोडणं म्हणजे तिथल्या माशांच्या मुळावर येणं. ठाण्याला तलावांचं शहर म्हणायचं आणि त्यात सकर सोडायचे!

आता ताई, तुमचं. शेवाळं दोन आहेत, आणि खरं म्हणजे त्यातलं एक शेवाळच नाही.

काळी दाढी, म्हणजे बीबीए, दिसते काळी पण आहे लाल शेवाळांच्या कुळातली. खात्री करून घ्या. झुबका असलेलं एक जुनं पान कापा आणि वाटीत स्पिरिट किंवा कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर घेऊन त्यात रात्रभर बुडवा. हिरवं द्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं, लाल तसंच राहतं. सकाळी झुबका तांबूस दिसला तर बीबीए. पांढुरका पडला तर हिरव्यातलं काहीतरी आहे, मग पुन्हा लिहा.

निळसर साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया. नावाप्रमाणे जिवाणू. पदरासारखा सुटून येणं आणि तो वास, या दोन खुणा पुरेत, वाटी-बिटी नको. पाणी जिथे फिरत नाही आणि मातीत घाण साठते तिथे हा बसतो. खत बंद करून उपाशी मारू म्हणाल तर यांच्यातले काही हवेतला नायट्रोजनही वापरतात. तुमची झाडं आधी उपाशी मरतील.

सोनेरी पाहुणा चायनीज अल्गी ईटर असणार. लहानपणी थोडंफार शेवाळ खातो, मोठा झाला की इतर माशांच्या अंगावरचा चिकटा. परत देऊन या. काळी दाढी मनापासून खातो तो सायामीज. त्याचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो आणि पर पारदर्शक असतात. पण तो पाच-सहा इंच होतो, दोन फुटी टाकीत त्याला कोंडू नका.

औषध सांगण्याआधी मला तीन गोष्टी हव्यात. एक, सीओटूचे बुडबुडे सकाळी, दुपारी आणि रात्री मिनिटाला किती. दोन, दुपारचं तापमान. तीन, घरी दिवसा कोण असतं?


टेट्रावाली_ऐरोली
१३ एप्रिल, दुपारी १.१५

काका, पहिले दोन कळले. तिसरा कशाला? सासूबाई असतात. त्यांचा टाकीशी काही संबंध नाही, त्यांचा टीव्ही समोरच्या भिंतीला आहे.


नौपाड्याचे_काका
१३ एप्रिल, दुपारी १.३२

बुडबुडे त्यांनाच मोजायला सांगा.


घोडबंदर_नॅनो
१३ एप्रिल, संध्याकाळी ७.५०

तापमानाचं मी सांगतो, आमच्याकडे गेल्या आठवड्यात ३२ गेलं. पाणी गरम झालं की त्यात सीओटूही कमी विरघळतो आणि ऑक्सिजनही. काचेचं झाकण काढून पाण्यावर तिरका वारा येईल असा छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. पाणी मात्र भराभर उडतं. नुसती भर घालत राहू नका, क्षार मागे राहतात. रविवारच्या बादल्या चालूच ठेवा.


कामोठे_प्लँटेड
१३ एप्रिल, रात्री ९.१०

बरं, सकर मागे घेतो. पण सायनोला एरिथ्रोमायसिन. केमिस्टकडून गोळ्या आणा, कुटून टाका. माझ्याकडे चार दिवसांत साफ झालं होतं.


नौपाड्याचे_काका
१३ एप्रिल, रात्री ९.४८

साफ होतं, नाही कोण म्हणतंय. पण ते माणसाचं प्रतिजैविक आहे. सायनो जिवाणू आहे म्हणून तर मरतो, मग फिल्टरमधल्या जिवाणूंनाही धोका आलाच. शिवाय ते पाणी शेवटी गटारात जातं. आणि मुळातली घाण तशीच राहिली तर पुन्हा येतं. तुमच्याकडे नंतर आलं का नाही, खरं सांगा.


कामोठे_प्लँटेड
१३ एप्रिल, रात्री ९.५५

दिवाळीत आलं होतं.


टेट्रावाली_ऐरोली
१९ एप्रिल, दुपारी ४.३०

काका, तुम्ही ज्योतिषी आहात का?

पानाचा झुबका सकाळी विटकरी तांबडा झाला होता, म्हणजे बीबीए नक्की. तापमान ३१. आता बुडबुडे. मी सकाळी आठला वॉल्व्ह उघडून ऑफिसला पळते. तेव्हा मिनिटाला ९०. आईंनी चष्मा लावून दुपारी दोनला मोजले, ४०. रात्री नऊला मी मोजले, १२. जेव्हा लागतो तेव्हाच नाही.

आणि हे सगळं मोजताना आई सहज म्हणाल्या, "दहाला लाइट लावते तेव्हा जास्त असतात गं."

मी म्हटलं, दहाला?

तर गोष्ट अशी. देवपूजा झाली की घरभर उजेड आणि मासे तेवढे अंधारात बसलेले, ते त्यांना बघवत नाही. टायमरच्या बाजूला छोटं बटण आहे ते दाबलं की लाइट लागतो, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. देवाचा नैवेद्य झाला की माशांना चिमूटभर. आणि तीन वाजता बटण पुन्हा माझ्यासारखं करून ठेवायचं, "म्हणजे तुझ्या वेळापत्रकात घोळ नको." मार्चमध्ये त्यांच्या गुडघ्यांमुळे सकाळचं देवळात जाणं बंद झालं, तेव्हापासून.

म्हणजे लाइट बारा तास, खाणं दोन वेळा. मी त्यांच्यावर चिडणार होते, पण बारा टेट्रांपैकी कोणता भित्रा आणि कोणता मारकुटा हे त्यांना माहीत आहे. मला नाही.

आता सांगा.


नौपाड्याचे_काका
१९ एप्रिल, संध्याकाळी ६.१०

ज्योतिष नाही. आमच्याकडे हेच वडील करायचे, दुपारी झोप लागली नाही की.

काळ्या दाढीला सीओटू कमी आहे की जास्त याचं फारसं सोयरसुतक नसतं. तिला चढ-उतार मानवतो. सकाळी ९० आणि रात्री १२ म्हणजे तिला आमंत्रणच. यावर लोक तुम्हाला सिलिंडर, सोलेनॉइड, रेग्युलेटर सांगतील. माझं मत उलटं आहे. तुमची झाडं बघा. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्ट, व्हॅलिसनेरिया. यातल्या एकालाही वेगळा सीओटू लागत नाही. किट काढूनच टाका. लाइटला मंद करायची सोय असेल तर अर्ध्यावर आणा, नसेल तर खाली एक जाळी लावा. वाढ हळू होईल, होऊ दे.

टायमरवर दोन पाळ्या लावा. सकाळी १० ते १ आईंची, संध्याकाळी ७ ते १० तुमची. दोन पाळ्यांनी शेवाळ मरतं असं काही नाही, पण बटणाला कुणी हात लावणार नाही. खाणं एकदाच, आणि ते आईंनीच घालायचं. तुम्ही नाही.

दाढीसाठी ड्रिफ्टवूड झाडांसकट बाहेर काढा. जास्त माखलेली पानं बुडापासून कापा. केमिस्टकडे हायड्रोजन पेरॉक्साइड बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. हातमोजे घाला. जुन्या टूथब्रशने फक्त झुबक्यांवर लावा, दोन-तीन मिनिटांनी खळखळून धुवा आणि परत ठेवा. टाकीत ओतायचं नाही, श्रिंप आहेत. फिल्टरचं तोंड काढून घासा. काही दिवसांत झुबके गुलाबी होतील, मेलेलं शेवाळ श्रिंप खातात. शेवाळ मारायच्या ग्लुटाराल्डिहाइडच्या बाटल्याही नकोत, व्हॅलिसनेरिया त्यात विरघळल्यासारखी वितळते.

सायनोसाठी जेवढे पदर निघतील तेवढे ओढून घ्या, अर्धं पाणी बदला, मग तीन दिवस टाकी जाड चादरीने पूर्ण झाका. डोकवायचं नाही. खाणं बंद, एअर पंप सतत चालू. चौथ्या दिवशी पुन्हा अर्धं पाणी. त्यानंतर फिल्टरचा झोत पुढच्या काचेकडे जाईल असं बघा, नाहीतर कामोठेकरांची दिवाळी.


टेट्रावाली_ऐरोली
८ जून, रात्री १०.३५

उशीर झाला कळवायला.

चादरीचे तीन दिवस कसे जातील याची मला धास्ती होती. आईंनी परस्पर त्याला ग्रहण ठरवून टाकलं. ग्रहणात खायचं नाही आणि बघायचं नाही, त्यामुळे दोन्ही नियम माझ्यापेक्षा त्यांनीच कडक पाळले. शेजारच्या काकू चादर उचलायला गेल्या तर त्यांना ओरडा बसला. चौथ्या दिवशी साय जवळजवळ नव्हती. मातीत एका कोपऱ्यात थोडी राहिली होती, ती नळीने दोनदा ओढली. महिनाभर परत नाही.

पेरॉक्साइडनंतर पाचव्या दिवशी झुबके खरंच गुलाबी झाले आणि श्रिंप त्यावर तुटून पडले. अनुबियासचे सात जुने पान गेले, नवीन चार आलेत, स्वच्छ. ड्रिफ्टवूडच्या मागच्या बाजूला थोडी दाढी अजून आहे. वाढत नाही, त्यामुळे तिला सध्या हात लावत नाही. व्हॅलिसनेरिया पहिले दोन आठवडे रुसली होती, आता ठीक. पंखा लावलाय, २८-२९ राहतं. सोनेरी मासा दुकानदाराने परत घेतला, पैसे नाही दिले.

किटमधलं लिंबूसत्त्वाचं न फोडलेलं पाकीट आणि सोडा आईंनी स्वयंपाकघरात नेला. गेल्या रविवारी ढोकळा झाला. बरा फुगला होता.