अनुभव धागा: केबल-चॅनलमधून उठून दुसऱ्याच्या धंद्यात पैसा घातलाय का?

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर

धंद्याला पैसा मागायला येतात त्या 'शार्क टँक इंडिया' या टीव्ही कार्यक्रमाच्या तिसऱ्या हंगामात रॉनी स्क्रूवाला पैसा लावणाऱ्यांच्या खुर्चीत दिसले तेव्हा वडिलांनी विचारलं, "हा केबलवालाच ना?" प्रश्न चुकीचा नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या इमारतींत केबल ओढण्यापासून त्यांची सुरुवात. १९९० मध्ये यूटीव्ही ही कार्यक्रम बनवणारी कंपनी काढली, १९९४ मध्ये दूरदर्शनवर 'शांती' ही मालिका आणली, २०१२ मध्ये कंपनी डिस्नेकडे गेली. मग युनिलेझर नावाखाली दुसऱ्यांच्या धंद्यांत पैसा. चष्मे विकणाऱ्या लेन्सकार्टमध्ये तर अगदी सुरुवातीच्या काळातच. २०१५ मध्ये अपग्रॅड या ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीच्या संस्थापकांतही ते होते.

आपल्याकडेही केबल, लोकल चॅनल, ऑर्केस्ट्रा यांतून चार पैसे गाठीला बांधून ते दुसऱ्याच्या धंद्यात घातलेली माणसं आहेत. लिहा. बुडालेल्यांनी आधी.

बीड

आमचं थोडक्यात. लोकल चॅनलला जाहिराती आणायचो. लग्नसराईत डीजेची गाडी जोरात चालते म्हणून मित्राच्या गाडीत दीड लाख घातले. आवाज बघितला, कर्ज बघितलं नाही. गाडी बँकेनं नेली. स्पीकर माझ्या बैठकीत आहेत, त्यांच्यावर टीव्ही ठेवलाय.

जालना, माजी केबल ऑपरेटर

१९९३ ला गच्चीवर डिश बसवली तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली होती. या धंद्यात खरं काम वायरचं नाही, वसुलीचं. दर महिन्याला वही घेऊन दारोदार. कोण "उद्या या" म्हणून खरंच उद्या देतो आणि कोणाच्या घरातून लेकरू येऊन "पप्पा घरी नाहीत" सांगतं, हे पाच वर्षांत पाठ झालं.

पुढं सेट टॉप बॉक्स आले. आधी वरच्या कंपन्यांना किती घरं दाखवायची हे आपल्या हातात असायचं (सगळेच कमी दाखवायचे, मीही). बॉक्समुळं एकेक घर मोजलं जायला लागलं. २०१९ ला नवे दर आले, शंभर चॅनलला १३० रुपये अधिक कर, वर पेड चॅनलचे वेगळे. जो तो दारातच हिशोब मागायला लागला. त्याच वर्षी नेटवर्क विकलं.

त्यातले तीन लाख माझ्या खांबावर चढणाऱ्या पोराला दिले. त्याला मोंढ्यात सीसीटीव्ही बसवायचं दुकान टाकायचं होतं. बारा वर्षं माझी वसुली आणली, पन्नासची नोट कधी कमी भरली नाही. बाकी काही बघितलं नाही. व्याज नाही, नफ्यात चौथा हिस्सा, एवढं ठरलं. लॉकडाऊनचं वर्ष कोरडं गेलं, मी विचारलं नाही. आता दिवाळीला वही घेऊन तोच माझ्या दारात येतो.

लातूर

मी अकरा वर्षं मुंबईत एका वाहिनीत कोणता कार्यक्रम चालवायचा हे ठरवणाऱ्या विभागात होते. २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्या उन्हाळ्यात आईवडिलांसाठी परत आले. आमचा आठवडा गुरुवारी ठरायचा, त्या दिवशी टीआरपी यायचे. मालिका सलग पडली की लेखक बदल, नाहीतर गाशा गुंडाळ.

तीच सवय घेऊन गावच्या बचत गटाच्या चटण्यांत ऐंशी हजार घातले. आधी वीस किलोच करा म्हटलं. तो आमचा पायलट, म्हणजे मालिकेचा चाचणीचा पहिला भाग असतो तसा. शेंगदाण्याची उडाली, कारळाची पडून राहिली. तिसऱ्या महिन्यात मी ती बंद करायला लावली. गटातल्या मावशी म्हणाल्या, "बाई, कारळाची थंडीत खातात. तुम्ही जेठात विकायला काढली." आता हिवाळ्यात पुण्याला गेलेल्या पोरांसाठी सगळ्यांत जास्त तीच जाते. गुरुवार विसरायला मला वर्ष लागलं.

नांदेड

जालनेकर, राग मानू नका, माझं रोजचं काम हिशोबांचंच आहे. स्क्रूवालांसारख्यांचा पैसा कंपनीच्या भांडवलात जातो, शेअर नावावर होतात. कंपनीची किंमत वाढली की हिश्शाचीही वाढते. तुमचा हिस्सा फक्त त्या-त्या वर्षीच्या नफ्याचा, आणि तोही तोंडी. उद्या त्यानं दुसरं दुकान टाकलं तर चौथा हिस्सा कशाचा? करार करा. मात्र साध्या भागीदारीत शिरलात तर देणीही तुमच्या अंगावर येतात, ते कलम नीट वाचा.

जालना, माजी केबल ऑपरेटर

राग कशाचा. दुसरं दुकान मागच्याच महिन्यात परभणीत टाकलं त्यानं. नारळ माझ्याच हातून फोडला. हिश्शाचं तिथं कसं विचारायचं म्हणून गप बसलो. सोमवारी स्टँप पेपर आणतो.