प्रतिसाद: गार्टर साप कोपऱ्यात पडून राहत नाही

'साप दिवसभर वेटोळं करून पडलेला असतो, त्यात बघण्यासारखं काय?' असं साप पाळण्याबद्दल वर कुणीतरी विचारलंय. बॉल पायथन या आफ्रिकेतल्या छोट्या अजगराबद्दल ते बरंचसं खरं आहे. उत्तर अमेरिकेतला गार्टर साप मात्र दिवसा जागा असतो. काचेपलीकडे हालचाल दिसली की मान उचलून बघतो, पाण्यात उतरतो, आणि खाणं दिसलं की त्याची लगबग बघतच राहावी!

रंगांत सॅन फ्रान्सिस्को गार्टरला तोड नाही: तांबडे, काळे आणि निळसर पट्टे. पण तो १९६७पासून संकटग्रस्त यादीत आहे, अमेरिकेत तो घरी पाळता येत नाही, आणि तेच योग्य आहे. हौस असेल तर बंदिवासात जन्मलेला साधा गार्टर घ्या.

नवा साप घाबरला की घाण वासाचा स्राव सोडतो. त्याला थोडे दिवस द्या, बहुतेक जण निवळतात. शिवाय त्यांना सोबत आवडते. कॅनडातल्या २०२०च्या एका अभ्यासात हे साप ठरावीक सोबत्यांजवळच पुन्हा पुन्हा जाताना दिसले. दोन ठेवलेत तर आकाराने सारखे ठेवा आणि वेगवेगळं खायला घाला, नाहीतर एकच घास दोघे धरतात.

एक कळकळीची विनंती: गोल्डफिशवर वाढवू नका. त्यातल्या थायमिनेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं, सापाला झटके येतात, तो मरूही शकतो. गांडुळं आणि उंदरांची पिल्लं द्या.

भारतातल्यांनी मात्र याची नातलग पाणदिवड घरी आणू नये. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.